फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल: एका डॉलरच्या तिकिटात नेमकं काय मिळतं

शंभर डॉलरच्या नोटेच्या मागच्या बाजूला जी इमारत छापलेली असते ती हीच. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना इथेच झाली. न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना न्यूयॉर्क आणि नायगारा दाखवून झालं की पुढचा नंबर बहुतेक वेळा फिलाडेल्फियाचा लागतो. लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेसमोर फोटो, हॉलमधून एक चक्कर, हातात प्रेट्झेल आणि परत गाडीत. दीड तासात उरकलेल्या या सहलीनंतर ‘एवढंच?’ असं वाटतं, आणि ते रास्त आहे. वीस मिनिटांच्या फेरीत जे दाखवतात ते खरंच थोडं आहे. जे सुटतं ते शेजारच्याच इमारतीत असतं, तेही फुकट, आणि तिथे गर्दी फार कमी असते.

आधी तिकिटाचं. हॉलला प्रवेशशुल्क नाही. मात्र साधारण मार्च ते डिसेंबर या काळात वेळ ठरवून दिलेलं तिकीट लागतं. ते राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी आरक्षण संकेतस्थळावर मिळतं आणि दर तिकिटामागे एक डॉलर आरक्षणाचा आकार पडतो. जानेवारी-फेब्रुवारीत सहसा तिकिटाशिवाय, आधी येईल त्याला आधी या पद्धतीने सोडतात. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी एकदा पाहून घ्यावं. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची सकाळची तिकिटं फार लवकर संपतात. ‘तिथे जाऊन काउंटरवर घेऊ’ हा आपला नेहमीचा हिशोब इथे चालत नाही.

दुसरी चूक त्याहून जास्त लोक करतात. लिबर्टी बेल आणि हॉल यांच्या रांगा वेगळ्या आहेत आणि सुरक्षातपासणीही वेगळी आहे. बेलची रांग लांब आणि ठळक दिसते, त्यामुळे हॉलचं तिकीट हातात घेऊन लोक तिथे उभे राहतात आणि वेळ निघून जाते. हॉलची तपासणी चेस्टनट रस्त्याच्या दक्षिणेला, पाचव्या रस्त्याच्या बाजूने होते. तिकिटावरच्या वेळेच्या किमान अर्धा तास आधी तिथे पोचावं. मोठ्या बॅगा आणि सामान आत सोडत नाहीत. हॉलच्या आत स्वच्छतागृह नाही, ते मार्केट रस्त्यावरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये उरकून यावं. ज्येष्ठांना सोबत घेऊन जाणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण एकदा आत गेल्यावर बाहेर पडलं की पुन्हा तपासणी. फेरी तळमजल्यावरच होते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांची अडचण नाही. वरच्या मजल्यावर जायला मात्र जिनाच आहे.

न्यू जर्सीतल्या एडिसनकडून येताना गाडी नको असेल तर न्यू जर्सी ट्रान्झिटच्या रेल्वेने ट्रेंटन आणि तिथून सेप्टा या फिलाडेल्फियाच्या रेल्वेसेवेच्या लोकलने जेफरसन स्थानक. गाडी बदलण्याचा वेळ धरून दोन तासांच्या आसपास लागतात, पुढे दहा-पंधरा मिनिटं चालणं. गाडीच आणायची असेल तर व्हिजिटर सेंटरच्या खालचं तळघरातलं पार्किंग सगळ्यात जवळचं. रस्त्यावर जागा शोधण्यात तिकिटाची वेळ घालवू नका.

आता हॉल. रेंजर, म्हणजे उद्यानाचे कर्मचारी, आधी थोडी माहिती सांगतात, मग प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचं दालन दाखवतात आणि शेवटी असेंब्ली रूममध्ये नेतात. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना या दोन्ही गोष्टी याच खोलीत झाल्या. खोली जेमतेम चाळीस फूट बाय चाळीस फूट. कठड्याच्या अलीकडून पाहायचं. तिथे मिळतात सात-आठ मिनिटं, त्यातली तीन फोटोत जातात.

म्हणून काय पाहायचं हे आधीच ठरवून जावं. हिरव्या कापडाची टेबलं, खुर्च्या, मेणबत्त्या हे सगळं त्या काळातलं किंवा त्या काळासारखं आहे, पण राज्यघटना लिहिणाऱ्या १७८७ च्या घटना परिषदेत वापरलेलं नाही. १७७७-७८ मध्ये ब्रिटिश फौज शहरात होती, तेव्हा इथलं सामान नष्ट झालं. पुढे १८१६ च्या सुमारास भिंतींवरचं मूळचं लाकडी फळ्यांचं आवरणसुद्धा काढलं गेलं. आज दिसतं ते नंतर अभ्यास करून पुन्हा बसवलेलं. खात्रीने मूळची अशी वस्तू समोरच्या चौथऱ्यावर आहे: परिषदेच्या अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची. जॉन फोलवेल या सुताराने ती १७७९ मध्ये बनवली. म्हणजे जाहीरनाम्याच्या वेळी ती नव्हती, घटनेच्या वेळी होती, आणि जॉर्ज वॉशिंग्टन तिच्यावर बसले. पाठीच्या वरच्या टोकाला अर्धा सूर्य कोरलेला आहे. हा उगवता की मावळता, हे इतके दिवस कळत नव्हतं, आज कळलं की उगवता आहे, अशा अर्थाचं प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन सह्या चालू असताना म्हणाल्याचं व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याने टिपून ठेवलं. हा किस्सा प्रत्येक रेंजर सांगतो. लक्ष सूर्याकडे नको तर खुर्चीच्या जागेकडे द्या, कारण त्या उन्हाळ्यातला कामकाजाचा खरा डाव तिथे कळतो.

परिषद १४ मे १७८७ ला भरायची होती. गणपूर्ती झाली २५ मे रोजी. सुरुवातीचे काही आठवडे सभागृहाने स्वतःचंच रूपांतर ‘संपूर्ण सभागृहाच्या समिती’त केलं. ती बैठक चालू असली की वॉशिंग्टन ही खुर्ची सोडून व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींत जाऊन बसत, आणि अध्यक्षस्थान मॅसॅच्युसेट्सचे नॅथॅनिएल गोरॅम सांभाळत. समितीत झालेलं मतदान म्हणजे अंतिम निर्णय नाही. पूर्ण सभेत तोच विषय पुन्हा घेता येई. शिवाय झालेला निर्णय फिरवण्याची मुभा नियमातच होती. राष्ट्राध्यक्ष कोणी निवडायचा यावर त्यामुळेच परिषद पुन्हा पुन्हा फिरून त्याच जागी आली. मत माणसागणिक नव्हतं, राज्यागणिक एक होतं. दिवसाकाठी काय बोललं गेलं ते बाहेर सांगायचं नाही, हा ठराव २९ मे रोजी झाला. मॅडिसन अध्यक्षांच्या समोरची जागा धरून रोज टिपणं घेत होता. ती छापली गेली १८४० मध्ये, तो वारल्यानंतर. आपल्या घटना समितीतली भाषणं प्रेक्षक-कक्षातून लोक ऐकत होते आणि वर्तमानपत्रांत छापून येत होती, त्याच्या शेजारी हे ठेवून पाहिलं की फरक चांगला कळतो.

गुप्ततेचा जाच किती होता हे जॉर्जियाच्या विल्यम पिअर्सने लिहून ठेवलं आहे. ठरावांची एक प्रत कोणाच्या तरी हातून खाली पडलेली सापडली. वॉशिंग्टननी दिवसाचं काम संपताना सगळ्यांना बजावलं, तो कागद टेबलावर टाकला, ज्याचा असेल त्याने न्यावा म्हणाले आणि टोपी घेऊन निघून गेले. तो कागद न्यायला कोणीही पुढे झालं नाही. हे टेबल म्हणजे चौथऱ्यासमोरचंच असं कोणी ठामपणे सांगितलं तर सोडून द्या. कोण कुठे बसायचं याची राज्यवार नोंद शिल्लक नाही. आजची मांडणी हा जाणत्यांचा अंदाज आहे.

आणखी एक हिशोब त्या खोलीतच करून पाहावा. राज्यं तेरा होती, ऱ्होड आयलंडने कोणाला पाठवलंच नाही, राहिली बारा. न्यूयॉर्कचे तीनपैकी दोन प्रतिनिधी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रागावून घरी गेले, त्यामुळे त्या राज्याचं मतच गेलं. न्यू हॅम्पशायरचे प्रतिनिधी पोचले जुलैच्या उत्तरार्धात. म्हणजे एका वेळी अकराहून जास्त राज्यांनी इथे कधी मत दिलंच नाही. सिनेटमध्ये सर्व राज्यांना सारख्या जागा आणि खालच्या सभागृहात लोकसंख्येनुसार, हा १६ जुलैचा समझोता पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला, मॅसॅच्युसेट्सची मतं आपसांत फुटली म्हणून. एकूण ५५ प्रतिनिधी येऊन गेले, सह्या आहेत ३९. त्यातली जॉन डिकिन्सनची सही तो आजारी पडून परत गेल्यामुळे जॉर्ज रीडने केली. शेवटपर्यंत थांबून सही नाकारणारे तीन: जॉर्ज मेसन, एल्ब्रिज गेरी आणि एडमंड रँडॉल्फ.

इमारतीबद्दल एक चूक आठवणवस्तूंवर सर्रास दिसते. घटना लिहिली जात असताना आजचा हा उंच मनोरा नव्हता. जुना लाकडी मनोरा कुजला म्हणून १७८१ मध्ये उतरवला होता. आज दिसतो तो विल्यम स्ट्रिकलंडने १८२८ मध्ये उभारलेला. तेव्हा मनोऱ्यासकट ‘१७८७’ छापलेला कप घ्यायचा तर चित्र म्हणून घ्यावा.

पश्चिमेच्या छोट्या खोलीतलं प्रदर्शन बरेच जण गाळतात, कारण फेरी संपली की पावलं बाहेर वळतात. गाळू नका. त्यासाठी वेगळं पैसे देऊन तिकीट नाही. अंधुक उजेडात जाहीरनामा, परिसंघाची जुनी कलमं (घटनेआधीचा राज्यांमधला करार) आणि राज्यघटना यांच्या त्या काळातल्या छापील प्रती आहेत. शेजारी चांदीची दौत आहे, फिलिप सिंगने १७५२ मध्ये घडवलेली. दोन्ही दस्तऐवजांच्या सह्यांना हीच दौत होती असं परंपरेने मानतात. छापील प्रती म्हणून त्यांना दुय्यम समजू नये. त्या काळच्या सामान्य माणसाने घटना वाचली ती छापलेलीच. १९ सप्टेंबरच्या ‘पेन्सिल्व्हेनिया पॅकेट’ या वर्तमानपत्रात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली, सह्या झाल्यानंतर दोनच दिवसांनी.

आता शेजारची इमारत, काँग्रेस हॉल. हॉलच्या पश्चिमेला लागून. मूळची जिल्हा न्यायालयासाठी बांधलेली. डिसेंबर १७९० ते मे १८०० या काळात, वॉशिंग्टन शहर तयार होत असताना, अमेरिकेची संसद इथे भरत होती. हॉलचं तिकीट इथे लागत नाही. रेंजर ठरावीक वेळाने गट आत घेतात. त्या दिवशी किती रेंजर कामावर आहेत यावर वेळा ठरतात, म्हणून तपासणीतून आत शिरल्या शिरल्या पाटी बघून ठेवावी. हॉलच्या फेरीआधी अर्धा तास हाताशी असेल तर हे आधीच उरकावं.

या परिसरातली सगळ्यात चांगली अर्धा-पाऊण तासाची भेट हीच. शेजारच्या खोलीत कागद लिहिला गेला, त्या कागदाप्रमाणे राज्य चालतं का हे इथे दहा वर्षं तपासलं गेलं. खाली प्रतिनिधीगृह. पहिल्या जनगणनेनंतर सभासद ६५ वरून शंभराच्या वर गेले आणि इमारत मागून वाढवावी लागली. वर सिनेट, लाल खुर्च्या. त्यातल्या बऱ्याच मूळच्या आहेत. म्हणजे अस्सल फर्निचर पाहायचं असेल तर तेही प्रसिद्ध खोलीपेक्षा इथे जास्त. सिनेट सुरुवातीची वर्षं दार लावून काम करायची. लोकांसाठी सज्जा डिसेंबर १७९५ पासून उघडला. हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्या मंजूर झाल्या तेव्हा, म्हणजे १५ डिसेंबर १७९१ ला, संसद इथेच होती. व्हर्मॉन्ट, केंटकी, टेनेसी या राज्यांचा प्रवेश झाला तोही याच काळात, आणि टांकसाळीचा कायदा, राष्ट्रीय बँकेची सनद, पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा १७९३ चा कायदाही इथलाच.

४ मार्च १७९७ ला तळमजल्यावर जॉन अ‍ॅडम्सचा शपथविधी झाला. वॉशिंग्टन तिथे हजर होते आणि सभा संपल्यावर साधे नागरिक म्हणून बाहेर पडले. सत्ता एका हातून दुसऱ्या हाती गेली ती तलवारीशिवाय. रेंजर चांगला असेल तर इथे थोडा थांबतो. सगळेच तसे नसतात, हे खरं. काहीजण तारखा म्हणून दाखवतात आणि दार उघडतात. तसा वाटेला आला तर एक प्रश्न विचारावा: लायन आणि ग्रिसवोल्ड कुठे भांडले? १५ फेब्रुवारी १७९८ ला कनेक्टिकटच्या ग्रिसवोल्डने व्हर्मॉन्टच्या मॅथ्यू लायनवर काठी चालवली, लायनने शेकोटीचा चिमटा उचलला, आणि दोघे सभागृहाच्या जमिनीवर लोळले. आपल्या विधानसभांतले गोंधळ आठवून कोणी कपाळाला हात लावत असेल तर हा उतारा गुणकारी. त्याच वर्षी सरकारवर टीका केली म्हणून लायनला राजद्रोहाच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलं, आणि मतदारांनी त्याला तुरुंगातूनच पुन्हा निवडून दिलं.

पूर्वेच्या कोपऱ्यावर जुना सिटी हॉल आहे. १७९१ पासून १८०० पर्यंत सर्वोच्च न्यायालय तिथे बसायचं. बघण्यासारखं एकच दालन, दहा मिनिटं पुरतात. तरी उघडं असेल तर डोकावावं: नागरिक परक्या राज्यावर दावा लावू शकतो असा १७९३ चा निकाल इथला, आणि त्यावर राज्यं इतकी बिथरली की अकरावी दुरुस्ती झाली.

लिबर्टी बेलला तिकीट नाही, रांग मात्र आहे. वजन २०८० पौंड, म्हणजे साडेनऊशे किलोच्या आत. रांग लांब असेल तर चेस्टनट रस्त्याच्या बाजूच्या काचेतून ती बाहेरून दिसते, फोटोही येतो. राज्यघटनेशी तिचा संबंध तसा लांबचा. तिला ‘लिबर्टी’ हे नाव गुलामगिरीविरोधी चळवळीने १८३० च्या दशकात रूढ केलं. त्याच्या बाजूला सहाव्या आणि मार्केट रस्त्याच्या कोपऱ्यावर राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या पायाचा विटांचा आराखडा उघड्यावर आहे, तो लोक बेलची रांग धरण्याच्या नादात तुडवत जातात. वॉशिंग्टन इथे राहत असताना त्यांच्या घरात नऊ गुलाम होते. पेन्सिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राहिला तर मुक्तीचा हक्क मागू शकत असे, म्हणून मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर हलवून आणण्याची व्यवस्था होती. ओना जज ही त्यातली तरुणी मे १७९६ मध्ये पळून गेली ती परत आली नाही. हॉलपासून हे अंतर चालत पाच मिनिटांचं.

उत्तरेला आर्च रस्त्यावर नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर आहे. ४ जुलै २००३ ला उघडलेलं, खासगी संस्थेचं, आणि इथे पैसे देऊन तिकीट काढावं लागतं. आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. सोमवार-मंगळवारी गेलात तर दार बंद मिळण्याची शक्यता मोठी. याचं मोल कोण सोबत आहे त्यावर. शाळकरी मुलं असतील तर पैसे वसूल. सायनर्स हॉलमधले कांस्याचे पुतळे माणसाएवढ्याच उंचीचे, ३९ सह्या करणारे आणि नकार देणारे तीन, असे ४२. मुलं त्यांच्या मधून फिरतात, हात लावतात, शेजारी उभं राहून उंची मोजतात. मॅडिसन किती बुटका आणि वॉशिंग्टन किती उंच हे पुस्तकात वाचून कळत नाही. गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे पद नव्हे, त्याचं नावच) याचा लाकडी पाय शोधायला लावा, घटनेची अंतिम भाषा बहुतांशी त्याच्या लेखणीची. मोठ्यांपाशी एकच दिवस असेल तर मात्र इथल्या दोन तासांपेक्षा काँग्रेस हॉल आणि पश्चिमेची खोली बरी. त्याच रस्त्यावर पाचव्याच्या कोपऱ्याला फ्रँकलिनची कबर आहे. दफनभूमीच्या भिंतीला गज बसवलेले आहेत, त्यातून ती फुकट दिसते.

जेवणाला बाराव्या आणि आर्चच्या कोपऱ्यावर रीडिंग टर्मिनल मार्केट. चालत पंधरा-वीस मिनिटं. शाकाहारी माणसाला इथे पोटभर मिळतं. शहराचं नाव ज्यासाठी घेतात ते चीजस्टेक मांसाचं असतं, नावातल्या चीजवर जाऊ नये.

शेवटी खरेदी, कारण पैसे वाया जातात ते तिथे. मुळात हे लक्षात ठेवावं की घटनेची सह्यांची मूळ प्रत फिलाडेल्फियात नाही. ती वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या गोल दालनात, आर्गन वायू भरलेल्या पेट्यांत आहे. तिथे प्रवेश फुकट आणि फोटोला बंदी. चर्मपत्राची मोठी पानं चार. हॉलच्या आसपास ‘राज्यघटना’ म्हणून विकतात ती तपकिरी, मुद्दाम चुरगळलेली प्रतिकृती बहुधा पहिल्याच पानाची असते. सह्या चौथ्या पानावर असतात. चारही पानं आहेत का ते मोजून घ्यावं. ‘हक्कांची सनद’ घेतलीत तर त्यात दहा नव्हे, बारा कलमं दिसतील. ती छपाईची चूक नाही. बारा पाठवली होती. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची १७९१ मध्ये मंजूर झाली, दुसरं १९९२ मध्ये सत्ताविसावी दुरुस्ती होऊन आलं, पहिलं अजून लटकलेलं आहे. खिशात मावणारी छोटी पुस्तिका घेत असाल तर शेवटची पानं उलटून २७ दुरुस्त्या पुऱ्या आहेत का पाहावं.

मोठी प्रतिकृती चांगली आहे की नाही हे ओळखायला दोन जागा आहेत. जेकब शॅलस या कारकुनाने ३० डॉलर घेऊन दोन दिवसांत ती चार पानं लिहिली. (आपली हस्तलिखित राज्यघटना लिहिणाऱ्या प्रेमबिहारी नारायण रायजादांनी मानधन घेतलं नव्हतं.) सह्यांच्या दिवशीच दर चाळीस हजार माणसांमागे एक प्रतिनिधी हा आकडा तीस हजारांवर आणला, त्यामुळे पहिल्या पानाच्या पंधराव्या ओळीत खरवडून त्या जागी नवा शब्द लिहावा लागला. चौथ्या पानावर डाव्या बाजूला, सह्यांच्या अलीकडे, या खाडाखोडीची कबुली बारीक अक्षरांत दिली आहे. ती वाचता आली पाहिजे. आणि सह्यांच्या शेजारी न्यूयॉर्कचा प्रतिनिधी हॅमिल्टन याच्या हाताने लिहिलेल्या राज्यांच्या नावांत पेन्सिल्व्हेनियाला सुरुवातीचा ‘एन’ एकच आहे. दोन दिसले तर कोणीतरी शहाणपणा करून शुद्धलेखन सुधारलंय, ती प्रत परत ठेवा.